तुकड्याची गोष्ट: हिप-हॉपच्या मागे काय घडलं

हिप-हॉप म्हटलं की डोळ्यांसमोर येतो माइक धरून झरझर बोलणारा रॅपर. सुरुवातीच्या काळात मात्र मान त्याचा नव्हता, रेकॉर्ड फिरवणाऱ्याचा होता. बोलणारा त्याच्या शेजारी उभा राहून गर्दीला चेतवायचा, आल्या-गेल्या दोस्तांची नावं पुकारायचा, बस. आणि फिरवणारा जे फिरवायचा तेही अख्खं गाणं नसे, गाण्यातला चार-सहा सेकंदांचा तुकडा असे. लावणीत गाणारी थांबते, ढोलकीवाला एकटा सुटतो आणि शिट्ट्या नेमक्या तेव्हा पडतात, तशी जागा अमेरिकन सोल आणि फंक गाण्यांतही असते. बाकीची वाद्यं गप्प होतात, ड्रम एकटे उरतात. तिकडे तिला 'ब्रेक' म्हणतात. हा ब्रेक कोणी लांबवला, कोणी यंत्रात भरला आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशात गेले, हे पाहिलं की हिप-हॉपचा निम्मा इतिहास सांगून होतो.

सुरुवात रस्त्यापासून करावी लागते. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेकडचा विभाग म्हणजे ब्रॉन्क्स. शहरातली बहुतेक मोठी बांधकामं ज्याच्या मुठीत होती त्या रॉबर्ट मोझेसने १९४८ साली इथे क्रॉस-ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे बांधायला घेतला. सहा पदरी रस्ता नांदत्या वस्त्या चिरत गेला. ईस्ट ट्रेमाँट भागातल्या फक्त एका मैलासाठी सुमारे दीड हजार बिऱ्हाडं उठवली गेली. ज्यांना परवडलं ते उपनगरांत गेले. मागे राहिले ते बहुतेक काळे आणि पोर्तो रिकोहून आलेले लोक. घरांना किंमत उरली नाही, तेव्हा काही घरमालकांना इमारत सांभाळण्यापेक्षा पेटवून विम्याचे पैसे घेणं परवडू लागलं. शहराची तिजोरी रिकामी झाली होती, म्हणून त्याच काळात अग्निशमन केंद्रंही बंद केली गेली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्रॉन्क्समधल्या सात जनगणना-विभागांतल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती जळून किंवा ओस पडून नाहीशा झाल्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर शार्लट स्ट्रीटवर गेले, तेव्हाच्या फोटोंत त्यांच्या मागे विटांचे ढिगारे दिसतात. एखादं शहर बाँबवर्षावातून गेलंय असं वाटावं.

या भागात टोळ्या होत्या. कोणत्या टोळीच्या हद्दीत कोणी पाऊल टाकायचं हे ठरलेलं असे. २ डिसेंबर १९७१ रोजी 'घेटो ब्रदर्स' टोळीचा 'ब्लॅक बेंजी' भांडण मिटवायला गेला आणि मारला गेला. सूडाचं सत्र सुरू होणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण घेटो ब्रदर्सनी बदला न घेता ८ डिसेंबरला हो अव्हेन्यूवर टोळ्यांची बैठक बोलावली आणि तिथे तह झाला. तो तह पूर्ण टिकला असं कोणी म्हणणार नाही, पण हद्दी सैल झाल्या. एका वस्तीतला पोरगा दुसऱ्या वस्तीतल्या पार्टीला जाऊ शकेल एवढं तरी झालं. हिप-हॉपच्या हकिकतीत या बैठकीला दोन ओळी मिळतात. माझ्या मते ती नसती तर पुढच्या पार्ट्यांना गर्दीच जमली नसती.

आता ती प्रसिद्ध पार्टी. ११ ऑगस्ट १९७३, १५२० सेजविक अव्हेन्यू, हमरस्त्याला खेटून उभी असलेली उंच इमारत. तळमजल्यावरचा रहिवाशांचा हॉल सिंडी कॅम्पबेल या मुलीने भाड्याने घेतला. शाळा सुरू होणार होती, तिला नवे कपडे हवे होते, त्यासाठी पैसे उभे करायचे होते. कार्डांवर हाताने लिहून आमंत्रणं वाटली: मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी लावायला तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. धिप्पाड अंगामुळे पोरं त्याला हर्क्युलिस म्हणत, त्याचं पुढे 'कूल हर्क' झालं. हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून जग जी तारीख साजरी करतं ती ही. म्हणजे मूळ कल्पना भावाची नव्हे, बहिणीची, आणि हेतू शाळेच्या कपड्यांचा.

या जन्मकथेला एक ठरलेलं स्पष्टीकरण चिकटलंय: पोरांकडे पैसे नव्हते, वाद्यं नव्हती, शाळांतले संगीताचे तास बंद झाले, म्हणून त्यांनी टर्नटेबलचंच, म्हणजे रेकॉर्ड फिरवायच्या यंत्राचंच, वाद्य केलं. ऐकायला छान आहे, पण अर्धंच खरं. न्यूयॉर्कची तिजोरी खऱ्या अर्थाने कोसळली ती १९७५ मध्ये, पार्टीनंतर दोन वर्षांनी. शिवाय दोन टर्नटेबल, अँप्लिफायर आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर काही फुकट येत नाहीत. हर्कच्या वडिलांनी एका बँडसाठी शूअर कंपनीची ध्वनियंत्रणा घेतली होती, तीच पोराने वापरली. तिच्यातून जास्तीत जास्त आवाज कसा काढायचा हे त्याने खटपट करून शोधलं. गरिबी होतीच. पण आवाजाचं वेड आलं होतं ते दुसरीकडून.

हर्कचं कुटुंब १९६७ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनहून ब्रॉन्क्सला आलं, तेव्हा तो १२ वर्षांचा होता. किंग्स्टनमध्ये 'साउंड सिस्टिम' नावाचा प्रकार जोरात होता. उघड्यावर प्रचंड स्पीकर रचायचे, रेकॉर्डवर माइकवरून बोलायचं आणि शेजारच्या सिस्टिमला आवाजात चीत करायचं. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं बिगर-युरोपीय लोकांना उघडली, तेव्हा कॅरिबियन बेटांवरून अशी हजारो कुटुंबं आली. पुढे ज्याचं नाव सगळ्यात गाजलं तो ग्रँडमास्टर फ्लॅश मूळचा बार्बाडोसचा. हर्कने सुरुवातीला जमैकाचं रेगे संगीत लावून पाहिलं, ब्रॉन्क्सच्या पोरांना ते रुचलं नाही. मग त्याने फंक गायक जेम्स ब्राउन लावला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की नाचणारी पोरं अख्खं गाणं ब्रेकची वाट बघत काढतात. ब्रेक आला की मैदानात उडी, चार-सहा सेकंदांत काय करायचं ते करून पुन्हा कडेला. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच ब्रेक पहिल्यापासून, तोवर पहिलीची पिन उचलून मागे. सहा सेकंदांची पाच मिनिटं झाली. याला तो 'मेरी-गो-राउंड' म्हणायचा. हे सगळं त्या एका ऑगस्टच्या रात्री जन्मलं असं नाही, पुढच्या वर्षभरात ते बसत गेलं. ब्रेकवर नाचणारी पोरं ती 'बी-बॉय', यातला 'बी' ब्रेकचाच. आपण कोणती रेकॉर्ड लावतो ते प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून हर्क तबकडी पाण्यात भिजवून तिच्या मधला कागद सोलून काढायचा. स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा लपवावा तसं.

हर्कची एक उणीव होती. त्याचा एक तुकडा दुसऱ्याला नेमका ठेक्यात जुळत नसे, मध्ये एखादी मात्रा गळायची आणि नाचणारे अडखळायचे. हे खटकलं फ्लॅशला. जोसेफ सॅडलर त्याचं खरं नाव. व्यवसाय-शिक्षणाच्या शाळेत तो इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता, फेकून दिलेले रेडिओ उघडून बघण्याचा नाद. त्याने आधी स्वतःपुरता हेडफोनचा स्विच बनवला, म्हणजे लोकांना एक रेकॉर्ड ऐकू येत असताना त्याला कानात दुसरी तपासता येई. मग त्याने सरळ तबकडीवर मेणखडूने रेघ मारली, ब्रेक जिथे सुरू होतो तिथे. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या हिशेबाने एक फेरी साधारण १.८ सेकंदांची, म्हणजे सहा सेकंदांचा ब्रेक तीन-साडेतीन फेऱ्यांत संपतो. तेवढ्याच फेऱ्या हाताने उलट फिरवल्या, रेघ जागेवर आली, सोडली की ठेका अचूक. पिन उचलायचं कामच उरलं नाही.

पण तबकडी उलटी फिरवायची तर टर्नटेबलचं चाक खाली फिरतं राहायला हवं आणि वरची तबकडी हाताशी सुटी हवी. रबराची चटई तबकडी धरून ठेवते. फ्लॅशची आई शिवणकाम करायची, त्यामुळे घरात कापड आणि खळ दोन्ही होतं. त्याने फेल्टचा गोल कापला, खळ लावून कडक केला आणि चाक आणि तबकडीच्या मधे घातला. तबकडी सरकू लागली. आज जगातल्या प्रत्येक डीजेच्या टर्नटेबलवर असते ती 'स्लिपमॅट' ही.

फ्लॅशच्या जोडीदाराचा धाकटा भाऊ थिओडोर घरी सराव करत होता. आवाज कमी कर म्हणून आई दारात येऊन ओरडली, तिचं ऐकताना त्याने तबकडी हाताने धरून ठेवली आणि नकळत मागे-पुढे हलवत राहिला. कानात खर्र-खर्र आलं. ते त्याला आवडलं. 'स्क्रॅच'चा शोध असा एका आईच्या रागावण्यात लागला.

हॉल परवडेना तेव्हा पार्ट्या उद्यानांत आणि शाळांच्या मैदानांत सुरू झाल्या. वीज कुठून? रस्त्यावरच्या दिव्याचा खांब उघडून सरळ आकडा टाकायचा. पोलीस येत, पण पोरं एका जागी नाचताहेत म्हणजे दुसरीकडे काही करत नाहीत, असा हिशेब करून बरेचदा कानाडोळा होई. १३ जुलै १९७७ च्या रात्री जवळजवळ अख्ख्या न्यूयॉर्कची वीज गेली, दुकानं लुटली गेली. त्यानंतर डीजेंच्या टोळक्यांची संख्या एकदम वाढली, हे त्या पिढीतले लोक हसत-हसत सांगतात. दोन रेकॉर्डचे आवाज एकत्र करणारे मिक्सर कुठून आले ते विचारायचं नसतं.

रॅप, डीजे, ब्रेकिंग म्हणजे ब्रेकवरचा नाच आणि भिंतींवरची ग्राफिटी ही हिप-हॉपची चार अंगं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ग्राफिटी त्यात नंतर जोडली गेली असं मला वाटतं. 'टाकी १८३' ही सही गाड्यांवर आणि भिंतींवर दिसू लागली त्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने जुलै १९७१ मध्ये छापली, म्हणजे सिंडीच्या पार्टीच्या दोन वर्षं आधी, आणि रंगाचे डबे घेऊन फिरणाऱ्या पोरांपैकी कित्येक रॉक ऐकत. चारही गोष्टींना एका नावाखाली आणण्याचं श्रेय मुख्यतः आफ्रिका बंबाटाच्या झुलू नेशन संघटनेला दिलं जातं. बंबाटा आधी ब्लॅक स्पेड्स टोळीत होता आणि त्याच्याइतका चौफेर रेकॉर्डसंग्रह ब्रॉन्क्समध्ये कोणाकडे नव्हता. १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये त्याने जर्मनीच्या क्राफ्टवर्क या बँडची यंत्रधून ब्रॉन्क्सच्या ठेक्यावर बसवली. २०१६ मध्ये त्याच्यावर अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले. त्याने ते नाकारले, पण संघटनेचं नेतृत्व सुटलं.

१९७९ पर्यंत हे सगळं हवेतच होतं. पार्टी झाली, संपली, फार तर कोणाकडे तरी कॅसेट. याची रेकॉर्ड निघू शकते असं डीजेंना स्वतःलाच वाटत नव्हतं. रेकॉर्डच्या आवाजाची रेकॉर्ड कशी काढणार? ते सुचलं सिल्व्हिया रॉबिन्सनला. ती स्वतः गायिका, न्यू जर्सीत नवऱ्याबरोबर रेकॉर्ड कंपनी चालवायची आणि धंदा बुडत आला होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका पार्टीत तिने हा प्रकार पाहिला आणि रॅप करणारे तीन तरुण शोधले. त्यांतला हँक पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. सप्टेंबर १९७९ मध्ये शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट' आलं, १४ मिनिटांहून लांब, आणि देशभर वाजलं.

ब्रॉन्क्सवाल्यांनी ते ऐकलं तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हे तिघे कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हँकने ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या रॅपरची कवनं जशीच्या तशी उचलली होती, इतकी जशीच्या तशी की स्वतःचं नाव म्हणून कॅझच्याच 'कॅसानोव्हा' या नावाची अक्षरं तो एक-एक करून म्हणतो. कॅझला ना नाव मिळालं ना पैसे. शीक या बँडचं 'गुड टाइम्स' त्यात वाजवून घेतलं होतं, त्या बँडच्या नाइल रॉजर्सने मात्र हक्क मागितला आणि श्रेयनामावलीत आपलं नाव घालून घेतलं.

आणखी एक गोष्ट त्या रेकॉर्डवर नव्हती: डीजे. सिल्व्हियाने स्टुडिओत वादक बसवून ठेका वाजवून घेतला. ज्या माणसाभोवती हे सगळं उभं राहिलं तोच पहिल्या गाजलेल्या रेकॉर्डमधून गायब. १९८२ चं 'द मेसेज' ग्रँडमास्टर फ्लॅशच्या नावावर आहे, पण त्यात फ्लॅशचा हात जवळजवळ नाही. गाणं ड्यूक बूटी आणि मेली मेलने रचलं. फुटक्या काचा, उंदीर, थकलेलं भाडं असं रोजचं जगणं रॅपमध्ये पहिल्यांदा एवढ्या ताकदीने आलं ते या गाण्यात. इथून पुढे शब्द पुढे गेले आणि टर्नटेबल मागे.

तुकडा परत आला तो यंत्रातून. न्यूयॉर्कमधल्याच क्वीन्सब्रिज वस्तीच्या मार्ली मार्ल या निर्मात्याने १९८०च्या दशकाच्या मध्याला स्टुडिओत काम करताना चुकून जुन्या रेकॉर्डवरचा स्नेअर ड्रमचा एकच फटका सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, पकडला. म्हणजे कोणत्याही रेकॉर्डमधला ड्रमर फटक्या-फटक्याने सुटा करता येतो आणि हवा तसा पुन्हा वाजवता येतो. १९८७ मध्ये एसपी-१२०० हे यंत्र आलं. त्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. पोरांनी ३३ ची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने लावून भरायला सुरुवात केली आणि नंतर यंत्रात सूर खाली उतरवला. दहा सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंदांचा माल. या काटकसरीत आवाजाला जो खरखरीतपणा आला, तोच त्या काळच्या हिप-हॉपचा आवाज म्हणून ओळखला जातो.

सगळ्यात जास्त वापरला गेलेला तुकडा 'अमेन, ब्रदर' या गाण्यातला. १९६९, बँडचं नाव विन्स्टन्स, तबकडीची मागची बाजू. पुढच्या बाजूच्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, मागच्या बाजूकडे कोणी पाहिलं नाही. त्यात ड्रमर ग्रेगरी कोलमन सुमारे सहा सेकंद एकटा वाजवतो. हे सहा सेकंद पुढे हजारो गाण्यांत आले. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाने १९८८ मध्ये पोलिसांवर आणि टोळ्यांवर जो अल्बम काढून अमेरिका हादरवली, त्याच्या शीर्षकगीतातही. कोलमन २००६ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. २०१५ मध्ये चाहत्यांनी सुमारे २४,००० पौंड गोळा करून बँडच्या म्होरक्याला दिले. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'वर वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड याचंही तेच. गाण्याचा हक्क ज्याने 'रचलं' त्याचा आणि कंपनीचा. ड्रम वाजवणारा नोकरीवरचा माणूस, त्याला त्या दिवसाची बिदागी मिळाली की विषय संपला. हिप-हॉपने काळ्या वादकांना पुन्हा जिवंत केलं असं म्हणतात. केलं, पण हिशेब न देता.

कोर्टाने लक्ष घातलं तेही वादकांसाठी नव्हे. १९९१ मध्ये गायक गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा न विचारता वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीवर खटला झाला. 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेनेच न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवात केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि त्याचं मोल. एका गाण्यात पंधरा-वीस तुकडे विणायची पब्लिक एनिमीसारख्या रॅप गटांची पद्धत परवडेनाशी झाली. डे ला सोल या गटाचा १९८९ चा पहिला अल्बम या परवानग्यांच्या गुंत्यामुळे ऑनलाइन यायला ३ मार्च २०२३ उजाडला. त्यांच्यातला एक जण, ट्रुगॉय, तीन आठवडे आधी गेला.

९०च्या दशकातलं पूर्व किनारा-पश्चिम किनारा वैर, १९९६ मध्ये रॅपर टुपाकचा आणि १९९७ मध्ये रॅपर बिगीचा खून, पुढे कोट्यवधींचे व्यवहार, २०१८ मध्ये रॅपर केंड्रिक लमारला पुलित्झर पुरस्कार, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग: हे सगळं इतक्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की इथे नुसती नोंद पुरे.

त्यापेक्षा २००२ कडे बघू. त्या वर्षी अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाजलं. निर्माता डीजे क्विक. त्याने टीव्हीवर लागलेलं एक हिंदी गाणं उचललं आणि गाण्याच्या पाठीशी घातलं. आवाज लता मंगेशकरांचा: १९८१ च्या 'ज्योति' चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरींचं. श्रेयनामावलीत ना लताबाई ना लाहिरी. लॉस एंजेलिसच्या कोर्टाने २००३ मध्ये लाहिरींचं नाव घातल्याशिवाय अल्बम विकायला मनाई केली. गंमत अशी की अमेरिकेत वाजल्यावर ते विसरलेलं गाणं आपल्याकडेही रिमिक्स होऊन परत आलं आणि लग्नाच्या मांडवात वाजू लागलं.

मुंबईत हिप-हॉप वाढलं ते उलट्या बाजूने. इथे डीजे आणि ब्रेकपासून सुरुवात झाली नाही, शब्दांपासून झाली. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये 'आफत' केलं ते इंटरनेटवरून उतरवलेल्या बीटवर, ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण दोन्ही एका आयपॅडवर. पुढच्या वर्षी अंधेरीच्या डिव्हाइनबरोबरचं 'मेरे गली में' आलं, २०१९ मध्ये या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला 'गली बॉय' चित्रपट. टर्नटेबल, तबकड्या, खळ लावलेलं फेल्ट यातलं काहीच या पोरांच्या वाट्याला आलं नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून अडलंही नाही.

त्याच २०१९ मध्ये, आरेतली झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी तोडायची की नाही यावर मुंबई भांडत होती, तेव्हा 'स्वदेसी' या रॅपरांच्या गटाने 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्यात आरेच्या पाड्यावर राहणाऱ्या प्रकाश भोईर यांचं गाणं आहे. ते जुन्या तबकडीवरून कापून घेतलेलं नाही. भोईर स्वतः गायलेत, आणि गाण्यावर त्यांचं नाव आहे.